घरचा कागद

४ फेब्रुवारी, मंगळवार

पेन्सिलने नव्या अंकाची प्रत पाठवली. पेन्सिल म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. अंगकाठीही तशी आणि धंदाही तोच. अडतीस वर्षांची बाई, पदरात चार महिन्यांची पोर, आणि कॉमिक्स काढते. तिच्या नायिकेचं नाव विजेरी. अंगातून उजेड पडतो म्हणे. पहिल्या अंकाच्या वेळी मी विचारलं होतं, "सेल कुठून घालतात गं हिला?" तेव्हापासून ती मला प्रत पाठवते, मत विचारत नाही.

आजवर विजेरीने दरोडेखोर लोळवले, यंत्रमानव लोळवले, समुद्रातलं काहीतरी लोळवलं. मी गप्प बसले. पण या खेपेला खलनायक कोण? मानसोपचारतज्ज्ञ! डॉक्टर मौन. रुग्ण कोचावर पडून बोलतात आणि हा गृहस्थ त्यांचं बोलणं काचेच्या बरण्यांत भरून कपाटात लावून ठेवतो. मागेल त्याला बरणी देतो. बरणी उघडली की तो रुग्ण साऱ्या शहरासमोर उघडा पडतो.

मी एकोणतीस वर्षं एका मानसोपचारतज्ज्ञांची लेखनिक होते. आमच्याकडे कोच नव्हता. दोन खुर्च्या होत्या आणि मधे कागदी रुमालांचा डबा, तो भरायचं काम माझं. बरण्या नव्हत्या. फायली होत्या, आणि त्या कुलपात.

रक्तदाब दोनदा मोजला. दुसऱ्यांदा जास्त भरला, कारण मधल्या वेळात मी अंक पुन्हा वाचला होता.

५ फेब्रुवारी, बुधवार

प्रकाशकाला पत्र लिहिलं. तीन वेळा फाडून चौथ्यांदा. त्यातला भाग इथे उतरवून ठेवते, कारण चांगला साधलाय:

"महोदय, आपल्या मासिकांत मनाचा डॉक्टर दिसला की तो एकतर वेडा असतो किंवा पाजी. दातांच्या डॉक्टरला कधी जगावर राज्य करावंसं वाटत नाही, हाडांचा डॉक्टर कधी शहराला वेठीला धरत नाही. हा मान एकाच शाखेला का? ज्या माणसाने दार वाजवायला आधीच सहा महिने घेतले, त्याला तुम्ही आणखी सहा महिने मागे ढकलता, याची कल्पना आहे का?"

शाळेत आमच्या सिस्टर म्हणायच्या, राग आला तर अक्षर अधिक नीट काढावं. काढलं. पेटीत टाकून आले. घरी येऊन स्वयंपाकघरातला चमच्यांचा खण रिकामा केला, पुसला, पुन्हा भरला. मग दुसरा खण.

१० फेब्रुवारी, सोमवार

पेन्सिल पोरीला पोटाशी बांधून आली, हातात माझं पत्र. हसून हसून तिचे डोळे भरलेले.

"मावशी, निनावी लिहायचं तर अक्षर तरी बदलायचं! संपादकांनी ते फळ्यावर टाचून ठेवलं होतं. लांबूनच ओळखलं."

"निनावी नव्हतं. 'एक जाणकार' अशी सही आहे."

"जाणकार, चहा टाक."

टाकला. मग तिने वही काढली. पुढच्या अंकात डॉक्टर मौनची लेखनिक दाखवायची आहे, नाव टाचणी. चित्र दाखवलं. अंबाडा, साखळीचा चष्मा, पाठ ताठ. बरीच मंडळी तशी दिसतात. मी म्हटलं, "टंकयंत्राचा दांडा उजवीकडे काढलायस. तो डावीकडे असतो. इतकंही माहीत नसेल तर लोकांची बदनामी करू नये."

"मग तूच सांग. तू नेमकं काय काम करायचीस?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. रुग्ण गेला की सर मला बोलवत आणि येरझारा घालत मजकूर सांगत. मी लघुलिपीत घ्यायची, मग टंकायची. एक प्रत फायलीत. आणि दुसरा घरचा कागद. ही माझीच कल्पना. रुग्णाच्या नवऱ्याला, बापाला, जो कुणी घेऊन आला असेल त्याला काहीच कळत नसे. बिचारे बाहेर टोपी कुरवाळत बसलेले. म्हणून रुग्ण काय बोलला याचा एका पानाचा गोषवारा. सर पाच वाक्यं बोलले तर मी एक करायची. माझा नियम होता : माहिती ठेवायची, समजावणी गाळायची. सर न वाचता सही करत, इतका विश्वास.

"आणि रुग्णाला माहीत असायचं? असा कागद जातो ते?"

"त्याला कशाला सांगायचं? उगाच बोलायचा थांबला असता."

पेन्सिलने पोरीचा मोजा काढला आणि परत घातला. पुन्हा काढला. चहा तसाच गार झाला. निघताना म्हणाली, "आईचं वजन सात किलो उतरलंय."

धाकटीचं हे नवीनच. नात झाल्यापासून मागच्या खोलीत बसून असते. पोरीला अजून एकदाही उचललेलं नाही. स्वयंपाकघरातल्या सुऱ्या तिने वरच्या फडताळात ठेवल्यात आणि शिडी शेजाऱ्यांना देऊन टाकली आहे. पेन्सिल पाव हाताने तोडते. मी म्हटलं, हे नखरे आहेत. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी लक्ष वेधून घ्यायचा प्रकार. ऑफिसात असे पुष्कळ पाहिले.

१५ फेब्रुवारी, शनिवार

धाकटीकडे गेले. स्वेटरच्या बाह्यांमध्ये हात ओढून बसली होती, थंडी नसताना. बाहेर पोर रडत होती, पेन्सिल न्हाणीघरात. मी म्हटलं, "उचल की गं, पोर टाहो फोडतेय."

"तू उचल, ताई."

"मी आहेच. पण तू आजी आहेस."

"म्हणूनच तू उचल."

याला काही अर्थ आहे का? मी उचललं. पोर गप्प झाली. धाकटी दाराच्या फटीतून बघत होती. तशी नजर मी पाहिली नव्हती. भुकेल्या माणसाची म्हणावी, तर ताटातला टोस्ट तसाच पडलेला.

घरच्या डॉक्टरांनी पेन्सिलला स्पष्ट सांगितलंय. मनाच्या डॉक्टरांना दाखवा, नाहीतर महिन्याभरात इस्पितळात ठेवून नळीने भरवावं लागेल. एका डॉक्टरीणबाईंची सहा मार्चची वेळ मिळाली आहे. धाकटी जायला तयार नाही.

"कुणाशी बोलणार नाही मी. बोलून झालंय एकदा."

जिन्यात मी पेन्सिलला गाठलं. "बघ! खलनायक काढा, बरण्या काढा. आता आईलाच डॉक्टरची भीती बसली. हे तुझ्या चित्रांनी केलंय."

पेन्सिल रडली नाही, भांडलीही नाही. "मावशी, आईने माझा एकही अंक वाचलेला नाही," म्हणाली आणि वर गेली.

परत येताना दोन थांबे आधीच उतरले आणि चालले. पाय स्वस्थ राहत नव्हते.

१९ फेब्रुवारी, बुधवार

पेन्सिल एकटीच आली. पिशवीतून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. तिचे वडील गेले तेव्हा त्यांच्या कपाटात सापडला म्हणे, चार वर्षांपूर्वी. तेव्हापासून तिच्याकडे आहे.

आमचा कागद. समास मी ओळखला. डाव्या कोपऱ्यात लहान अक्षरांत टंकणाऱ्याची खूण, माझी. खाली सरांची सही. वर धाकटीचं नाव, तीस वर्षांपूर्वीची तारीख. मजकूर बावीस ओळींचा. सोळावी ओळ :

"मुलीला इजा करण्याचे विचार मनात येतात."

"बाबांनी हा वाचला आणि दुसऱ्या दिवशी मला आत्याकडे पोचवलं," पेन्सिल म्हणाली. "मी आठ वर्षांची होते. दोन वर्षं राहिले तिथे. आईला महिन्यातून एकदा भेटू द्यायचे, आत्या समोर बसलेली असताना."

हे मला माहीत आहे. बॅग मीच भरली होती. फ्रॉकांच्या घड्या घातल्या, रंगपेटी वर ठेवली. मेहुण्यांनी मदत मागितली, घरात दुसरं कोण होतं? आणि पोरीच्या जिवाचा प्रश्न होता. तेव्हा जे दिसलं त्यावर जे योग्य ते केलं, हे मी तिला सांगितलं.

"सख्ख्या बहिणीचा कागद तू टाइप केलास?"

"ऑफिसात शिरताना नाती दाराबाहेर ठेवायची असतात."

"मग बॅग भरताना कुठे ठेवली होतीस?"

असलं उद्धट बोलणं मी खपवून घेत नाही. तिला सांगितलं, सर अतिशय जबाबदार डॉक्टर होते. सोळाव्या ओळीच्या आधी-नंतर त्यांनी बरंच काही सांगितलं असणार, आणि तेही धोक्याचंच असणार, त्याशिवाय ते कागदावर आलंच नसतं. माझ्याकडे पुरावा आहे. दवाखाना बंद झाला तेव्हा माझ्या लघुलिपीच्या सत्तावीस वह्या मी घरी आणल्या. पलंगाखालच्या पेटीत आहेत. माझ्याशिवाय कुणाला वाचता येत नाहीत, तेव्हा अगदी सुरक्षित.

पेन्सिल माझ्याकडे बघतच राहिली. "सगळ्यांचं? एकोणतीस वर्षांचं? तुझ्या पलंगाखाली?"

"कुलूप आहे," मी म्हटलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

पेटी काढली. गुडघे बोलले. चौदावी वही असावी. नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सोळावीही नाही. शोधताना बाकीचं वाचलं जातं. बेकरीवाला, ज्याला वाटे आपण गॅस चालू ठेवलाय. शिक्षिका, जिचा मुलगा तिच्याशी बोलत नसे. या लोकांना मी बाजारात भेटते, नमस्कार करते. बेकरीवाल्याकडे आज गेले तर मोड परत घेताना त्याच्या तोंडाकडे बघवलं नाही. उगाचच.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सापडली. अकरावी वही. जसं आहे तसं इथे लिहिते, कारण मी काही लपवणारी बाई नाही. सरांचे शब्द :

"मुलीजवळ असताना तिला इजा करण्याचे विचार मनात येतात आणि त्या विचारांनीच ती धास्तावते. सुऱ्या लपवते, गॅलरीचं दार लावून घेते. असे विचार येणाऱ्या आया मुलांना इजा करत नाहीत, उलट डोळ्यांत तेल घालून जपतात. हा आजार भीतीचा आहे. मुलीला काडीचाही धोका नाही. तिला आईपासून दूर करू नये, केल्यास आईची प्रकृती बिघडेल. नवऱ्याला हे नीट समजावून सांगावं."

त्यातलं मी पहिल्या वाक्याचं पहिलं अर्धं घेतलं.

पान भरत आलं होतं. खाली सही आणि शिक्क्याला जागा सोडावी लागे. बाकीची समजावणी होती. नियमच होता. शंभर कागदांत मी असंच केलं असेल आणि कुणी तक्रार केली नाही.

सरांनी न वाचता सही करायला नको होती, हेही नोंदवून ठेवते.

दुपारभर भिंतीवरची चौकट सरळ करत होते. दवाखान्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हाचा फोटो, सर मधे, मी डावीकडे. ती चौकट सरळच होती.

एक गोष्ट आठवली, ती इथे लिहायची की नाही यावर फेऱ्या मारल्या. पेन्सिल आत्याकडे गेल्यावर धाकटी पुन्हा दवाखान्यात आली नाही. सरांनी दोनदा विचारलं, तुमची बहीण का येत नाही? मी म्हटलं, तिला बरं वाटतंय.

मला तसं खरंच वाटत होतं. ती काही बोलत नव्हती.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

पेन्सिलला फोन करून मजकूर वाचून दाखवला. पलीकडून पोरीची उचकी ऐकू आली.

"म्हणजे तुमचे सर तितके वाईट नव्हते," ती म्हणाली.

"मी काय पहिल्यापासून सांगतेय!"

"मावशी, कागद देणंच चूक होतं. आईने त्यांना सांगितलं होतं, बाबांना नाही. पुरं लिहिलं असतंस तरी चूकच."

मी म्हटलं, घरच्यांचा काही हक्क असतो की नाही. ती म्हणाली, "तू हे आईला वाचून दाखव. ती म्हणते, डॉक्टरांनी मला धोकादायक ठरवलं, आता दुसरीकडे तेच ऐकायला कशाला जाऊ. त्या बाईंची वेळ हुकली तर पुढची मेमध्ये आहे. तोवर आई..."

 

धाकटीला कागदाचं माहीत होतं तर. तीस वर्षं. प्रत्येक वाढदिवसाला माझ्या हातचा केक खाल्ला आणि चकार शब्द काढला नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

वही घेऊन गेले. खुर्ची ओढली. धाकटी म्हणाली, "ऑफिसातल्यासारखी बसू नकोस." पलंगाच्या कडेला बसले. हात कुठे ठेवावेत कळेना.

वाचलं. माझा आवाज चांगला आहे, शाळेत वाचनाचं बक्षीस मलाच मिळायचं. पण 'काडीचाही धोका नाही' इथे थांबून पाणी प्यावं लागलं.

"पुन्हा वाच," ती म्हणाली.

वाचलं.

"कुठे लिहिलंय? बोट ठेव."

ठेवलं. रेघा, ठिपके, आकडे. तिला त्यातलं एक अक्षर कळत नाही. तरी ती वाकून बघत होती. मग बाहीतून हात बाहेर आला आणि त्या ओळीवरून तिने बोट फिरवलं. हात भाजल्यासारखा लाल. साबणाने धुऊन धुऊन.

"मला वाटायचं ते मला घाबरले," ती म्हणाली. "इतका शिकलेला माणूस घाबरतो म्हणजे मी खरंच तशी असणार. तीस वर्षं मी माझ्या हातांकडे बघत बसलेय, ताई."

मग माझ्याकडे वळून, अगदी हळू : "आणि तू बॅग भरलीस."

"एका पानात बसवायचं..." असं मी सुरू केलं. पुढचे शब्द तयार होते. एकोणतीस वर्षं तयार होते. आलेच नाहीत.

"उठ आता. जा," ती म्हणाली. "वही ठेवून जा."

"तुला वाचता येणार नाही."

"ठेवून जा."

ठेवली. जिन्यात पेन्सिल उभी होती, पोर खांद्यावर.  कठड्याला धरून उतरले.

१ मार्च, शनिवार

उरलेल्या सव्वीस वह्या धुण्याच्या टबात घालून पाणी सोडलं. शाई निळी होती, पाणीही तसं झालं. कागद उत्तम प्रतीचा, लवकर विरघळेना. हाताने कुस्करावा लागला. दंडापर्यंत निळी झाले. बेकरीवाला कुठल्या वहीत होता ते मुद्दाम बघितलं नाही.

मधे फोन वाजला, पुसत पुसत जाईपर्यंत बंद झाला. उलट लावायचा धीर झाला नाही. काय हा मूर्खपणा. लावायचा होता.

३ मार्च, सोमवार

लावला. पेन्सिलने उचलला.

"आई जाते म्हणालीय गुरुवारी. पण तिच्या अटी आहेत."

"अटी? ऐकू दे."

"एक, डॉक्टरीणबाईंना पहिल्याच मिनिटाला विचारणार की घरी काही जातं का. हो म्हणाल्या तर उठून येणार. दोन, मी पोरीला घेऊन घरीच राहायचं."

"आणि मी? कुणीतरी सोबत हवं ना. मला दवाखान्यांची सवय आहे. मी बाहेरच्या खोलीत बसेन."

"तीन," पेन्सिल म्हणाली, "तू सोबत जायचंस. पण बाहेरच्या खोलीत बसायचं नाहीस. इमारतीतही नाही. समोर रस्त्यापलीकडे बसथांबा आहे, तिथे."

मी म्हटलं, मी एकाहत्तर वर्षांची आहे. बसथांब्यावर! भिकाऱ्यासारखी! मी काय कान लावून बसणार आहे?

फोनवर पोरीला थोपटल्याचा आवाज येत राहिला.

मी म्हटलं, त्या थांब्याला बाक तरी आहे का.

५ मार्च, बुधवार

नव्या अंकाची कच्ची पानं आली. टाचणी आहे. दांडा डावीकडे घेतलाय. अंबाडा तसाच. शेवटच्या पानावर डॉक्टर मौन पळून जातो आणि टाचणी बरण्यांच्या कपाटापुढे उभी, हातात किल्ली. पुढे काय करणार ते पेन्सिलने अजून काढलेलं नाही. समासात बारीक अक्षरात लिहिलंय, "जाणकारांचं मत?"

सव्वाशे शब्द लिहिले आणि खोडले. एकच ठेवलं : साखळीचा चष्मा वाकून काम करताना लोंबतो, तो तसा काढावा.

६ मार्च, गुरुवार

बाक आहे. लोखंडी, एक पट्टी तुटलेली.

धाकटी दाराशी थांबली, इमारतीच्या पायरीवर. मला वाटलं वळणार. तिने हात बाहीत घातले, पुन्हा बाहेर काढले आणि दार ढकललं. अकराला पाच कमी होते. मी रस्ता ओलांडून बसले.

पहिली पंधरा मिनिटं फार कठीण. ती एक प्रश्न विचारून बाहेर येणार असेल तर याच पंधरात. दार उघडलं तेव्हा मी उभी राहिले, पण तो सामान पोचवणारा माणूस होता. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीला करडे पडदे. त्यांच्यामागे दोन खुर्च्या असतील. रुमाल कोण भरत असेल.

शेजारी एक बाई येऊन बसली. तिच्या पिशवीत दुधीएवढी छत्री. "कुठली बस हवीय तुम्हाला?"

"कुठलीच नाही."

"मग?"

"बहीण आत आहे."

"काय झालंय त्यांना?"

तोंड उघडलं होतं. सगळं होतं माझ्याकडे, नीट, एका वाक्यात. मी म्हटलं, "तिलाच विचारावं लागेल." बाई फुरंगटून दुसऱ्या टोकाला सरकली. तिची बस आली. मग आणखी तीन गेल्या.

पावणेबाराला धाकटी बाहेर आली. डोळे सुजलेले, नाक लाल, चाल मात्र सरळ. रस्ता ओलांडून माझ्या शेजारी बसली, तुटक्या पट्टीच्या बाजूला. मी सरकले. तिच्या हातात कागदी रुमालाचा बोळा होता, तो तिने पिशवीत टाकला.

मग म्हणाली, "घरी जाताना पाव घेऊ. नीट कापून देणाऱ्या दुकानातला."

बस येईपर्यंत आम्ही दोघी समोर बघत बसलो. ती पन्नास मिनिटं आत होती. काय बोलली, मला माहीत नाही.